प्लगइनचे स्वयंचलित बिल्ड: एक सोर्स कोड, तीन ऑपरेटिंग सिस्टिम

उद्दिष्टे

या पाठानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील:
- एकाच प्लगइनसाठी विंडोज, लिनक्स आणि मॅकओएसवर वेगवेगळी फाइल का लागते, हे सांगणे
- गिटहब ॲक्शन्स वापरून स्वयंचलित बिल्डचा आराखडा तयार करणे
- तयार झालेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर चालेल का, हे तपासणे

पूर्वतयारी: गिटची ओळख आणि सी किंवा सी++ मधला छोटा प्रोग्रॅम कंपाइल करण्याचा अनुभव असावा.

१. प्रश्न काय आहे?

मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला असतो. पण कोड हातात असला म्हणजे प्रोग्रॅम चालतोच असे नाही. समजा, म्हैसूर जिल्ह्यातील सोसले गावातल्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी एक प्लगइन उतरवून घेतले. त्याच्याकडे विंडोजचा संगणक आहे आणि कंपायलर नाही. प्लगइन लिहिणाऱ्याने ते फक्त स्वतःच्या लिनक्स लॅपटॉपवर कंपाइल केले असेल, तर या विद्यार्थ्याला कोड वाचता येईल, वापरता मात्र येणार नाही. त्याच्या दृष्टीने ते सॉफ्टवेअर बंदच आहे.

लेखकाने मित्राच्या संगणकावर जाऊन विंडोजची फाइल एकदा तयार केली, तरी पुढची आवृत्ती आली की तेच काम पुन्हा करावे लागते. मित्र पदवी घेऊन निघून गेला की विंडोजची फाइल जुनीच राहते. हे काम माणसावर अवलंबून राहू नये, म्हणून बिल्ड स्वयंचलित करायचे.

२. उदाहरण: सायलॅबची टूलबॉक्स

आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचे 'फॉसी ऑप्टिमायझेशन टूलबॉक्स' हे या विषयाचे चांगले उदाहरण आहे. सायलॅब या मुक्त गणनप्रणालीला जोडायचे हे प्लगइन. सायलॅबच्या 'ॲटम्स' या व्यवस्थेतून ते बसवता येते. इष्टतमीकरणाची गणिते सोडवण्यासाठी ते कॉइन-ओआर समूहातील इपॉप्ट, बॉनमिन, सीबीसी यांसारख्या सी++ लायब्ररी वापरते.

अशा टूलबॉक्सचे दोन भाग असतात. सायलॅबच्याच भाषेत लिहिलेली फंक्शन्स, म्हणजे मॅक्रो, कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर सारखीच चालतात. सी++ मधला भाग 'गेटवे' म्हणून ओळखला जातो. सायलॅब आणि लायब्ररी यांच्यामधला हा दुवा कंपाइल करावा लागतो. सगळी अडचण या दुसऱ्या भागात आहे. 'बिल्डर' स्क्रिप्ट टूलबॉक्स बांधते आणि 'लोडर' स्क्रिप्ट ती सायलॅबमध्ये चढवते. ही दोन कामे वेगळी आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होईल.

३. फरक नेमका कुठे पडतो?

*फाइलचा प्रकार.* कंपाइल केलेले प्लगइन विंडोजवर डीएलएल, लिनक्सवर एसओ आणि मॅकओएसवर बहुधा डायलिब स्वरूपात असते. फक्त नाव बदलून एकाची फाइल दुसरीकडे चालत नाही, कारण तिची आतील रचनाच वेगळी असते.

*कंपायलर.* विंडोजवर व्हिज्युअल सी++ आणि मिनजीडब्ल्यू या दोन कंपायलरांनी बनवलेल्या सी++ लायब्ररी सहसा एकमेकींना जोडता येत नाहीत. मुख्य सॉफ्टवेअर आणि लायब्ररी कशाने बांधल्या आहेत, हे आधी पाहा.

*डेटाचा आकार.* सी भाषेतील 'लाँग' हा प्रकार ६४ बिट लिनक्सवर ६४ बिटचा असतो, तर ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचाच. एकीकडे बरोबर येणारे उत्तर दुसरीकडे चुपचाप चुकू शकते.

*फाइलचे नाव.* लिनक्स मोठी आणि लहान रोमन अक्षरे वेगळी मानते. विंडोज आणि मॅकओएस सहसा तसे मानत नाहीत. त्यामुळे विंडोजवर कंपाइल होणारा कोड लिनक्सवर 'फाइल सापडली नाही' म्हणून अडतो.

*मुख्य सॉफ्टवेअरची आवृत्ती.* सायलॅब ६ मध्ये आतील रचना बदलली. त्यामुळे सायलॅब ५ साठी कंपाइल केलेला गेटवे तसाच वापरता येत नाही. म्हणजे फक्त ऑपरेटिंग सिस्टिम मोजून भागत नाही, आवृत्त्याही मोजाव्या लागतात.

४. वर्कफ्लो लिहिणे

गिटहब ॲक्शन्स ही सेवा नोव्हेंबर २०१९ पासून सर्वांसाठी खुली आहे. सार्वजनिक रेपॉझिटरीला तिचे प्रमाणित रनर मोफत मिळतात. रनर म्हणजे तुमच्या कामापुरता दिलेला संगणक. काम संपले की तो मोडीत निघतो आणि पुढच्या वेळी नवा मिळतो.

रेपॉझिटरीत 'गिटहब' नावाच्या फोल्डरमध्ये (नावाआधी टिंब) 'वर्कफ्लोज' हे फोल्डर करा आणि त्यात यॅमल फाइल ठेवा. ही नावे आणि फाइलमधला मजकूर अर्थातच रोमन लिपीत लिहायचा. फाइलमध्ये क्रमाने पुढील गोष्टी येतात:

१. केव्हा चालवायचे: प्रत्येक पुल रिक्वेस्टला, मुख्य शाखेत बदल झाल्यावर आणि आवृत्तीचा टॅग लावल्यावर.
२. कुठे चालवायचे: 'मॅट्रिक्स' लिहा. तीन ऑपरेटिंग सिस्टिम आणि मुख्य सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या दिल्या की सहा स्वतंत्र कामे आपोआप तयार होतात.
३. काय करायचे: कोड उतरवणे, ठरलेल्या आवृत्तीचे मुख्य सॉफ्टवेअर आणि लायब्ररी बसवणे, बिल्डर चालवणे, चाचण्या घेणे.
४. काय जपायचे: तयार झालेली फाइल 'आर्टिफॅक्ट' म्हणून साठवणे.

मॅट्रिक्समधले एक काम फसले की बाकीची चालू कामे थांबवायची, अशी मूळ सोय असते. शिकताना ती बंद ठेवा. चूक फक्त विंडोजवर आहे की सगळीकडे, हे सहाही निकाल दिसल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक बारकावा आहे. एखादी पायरी यशस्वी झाली की नाही, हे रनर प्रोग्रॅमने परत दिलेल्या अंकावरून ठरवतो. शून्य म्हणजे यश, दुसरे काहीही म्हणजे अपयश. सायलॅबची स्क्रिप्ट चालवताना त्रुटी पकडून शून्येतर अंकासह बाहेर पडण्याची सूचना स्पष्ट लिहा. नाहीतर आत त्रुटी येऊनही बाहेर हिरवी खूण दिसू शकते.

५. हिरवी खूण पुरेशी नाही

बिल्ड यशस्वी झाले म्हणजे प्लगइन दुसऱ्याच्या संगणकावर चालेल, असे नाही. रनरवर कंपायलर, व्हिज्युअल स्टुडिओ आणि कितीतरी लायब्ररी आधीच बसवलेल्या असतात. तुमच्या वाचकाकडे त्या नसतात.

*लिनक्स.* प्रोग्रॅम जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या ज्या आवृत्तीवर कंपाइल होतो, त्याहून जुन्या आवृत्तीवर तो बहुधा चढत नाही. उबुंटू २०.०४ मध्ये ही आवृत्ती २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५ आणि २४.०४ मध्ये २.३९. 'नवीनतम उबुंटू' असा रनर निवडला, तर एक दिवस तो पुढे सरकतो आणि कोडमध्ये काहीही न बदलता तुमचे प्लगइन महाविद्यालयाच्या जुन्या प्रयोगशाळेत चालेनासे होते. नियम असा: ज्या सर्वांत जुन्या प्रणालीला आधार द्यायचा आहे, तिच्यावर बिल्ड करा. तसा रनर उपलब्ध नसेल, तर त्या आवृत्तीचा कंटेनर वापरा.

*विंडोज.* व्हिज्युअल सी++ ची रनटाइम लायब्ररी वाचकाच्या संगणकावर असेलच असे नाही. 'डम्पबिन' या साधनाने डीएलएलला लागणाऱ्या इतर फाइलींची यादी काढा आणि अपेक्षित यादीशी ताडून पाहा. लिनक्सवर हेच काम 'एलडीडी' करते, मॅकओएसवर 'ओटूल'.

*मॅकओएस.* ॲपलच्या नव्या संगणकांत एआरएम प्रोसेसर आहे, जुन्यांत इंटेल. फाइल कोणत्या प्रोसेसरसाठी आहे, हे तिच्या नावातच लिहा.

म्हणून बिल्ड आणि चाचणी ही दोन वेगळी कामे ठेवा. चाचणीच्या कामात सोर्स कोड उतरवू नका. फक्त आर्टिफॅक्ट घ्या, नव्या रनरवर ते उघडा, लोडर चालवा आणि ज्याचे उत्तर तुम्हाला हाताने काढता येते असे एक गणित सोडवून घ्या. सोसल्याचा विद्यार्थी जे करणार, तेच त्याच क्रमाने आधी यंत्राकडून करून घ्यायचे.

६. प्रकाशन आणि विश्वास

टॅग लावल्यावर सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या, तरच फाइली प्रकाशित होतील अशी अट घाला. प्रत्येक फाइलसोबत तिचा शा-२५६ ठसा द्या. उतरवलेली फाइल अर्धवट किंवा बदललेली असेल, तर ठसा जुळत नाही.

बिल्डची साखळीच हल्ल्याचे लक्ष्य होते, हे दोन घटनांतून दिसले. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट प्रकाशित संग्रहात होती, गिट रेपॉझिटरीत नव्हती. मार्च २०२५ मध्ये 'चेंज्ड-फाइल्स' या लोकप्रिय ॲक्शनचे टॅग घातक कोडकडे वळवण्यात आले आणि ती वापरणाऱ्या काही प्रकल्पांची गुपिते लॉगमध्ये छापली गेली. यावरून तीन सवयी लावून घ्या:

- प्रकाशित फाइल लॅपटॉपवरून चढवू नका, ती रेपॉझिटरीतल्या कोडपासून रनरवरच तयार होऊ द्या.
- दुसऱ्याची ॲक्शन वापरताना टॅगऐवजी कमिटचा पूर्ण हॅश लिहा.
- वर्कफ्लोला वाचण्यापुरतीच परवानगी द्या, लिहिण्याची परवानगी फक्त प्रकाशनाच्या कामाला.

सारांश

प्लगइनचा कंपाइल केलेला भाग प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आणि मुख्य सॉफ्टवेअरच्या आवृत्तीसाठी वेगळा असतो. मॅट्रिक्समुळे तो एका वेळी सर्वत्र तयार होतो. खरी कसोटी मात्र बिल्डची नाही, नव्या संगणकावर प्लगइन चढून बरोबर उत्तर देण्याची आहे.

स्वाध्याय

१. दोन संख्यांची बेरीज करणारी सी लायब्ररी लिहा आणि तीन रनरवर कंपाइल करा. तयार फाइलींची नावे व आकार यांची तुलना करा.
२. त्याच वर्कफ्लोमध्ये 'लाँग'चा आकार छापा. निकाल कुठे वेगळा येतो आणि का?
३. मॅट्रिक्समध्ये तीन ऑपरेटिंग सिस्टिम आणि तीन आवृत्त्या आहेत. मॅकओएसवर सर्वांत जुनी आवृत्ती वगळली, तर एकूण किती कामे होतील?
४. लिनक्सची फाइल उबुंटू २४.०४ वर बनवा आणि २०.०४ च्या कंटेनरमध्ये चढवून पाहा. ती चढली नाही, तर त्रुटीच्या संदेशात जीलिबसीची कोणती आवृत्ती मागितली आहे? चढली, तर का चढली असावी?