पाकिटावरची युद्धनौका

तुमच्यापैकी पुष्कळजण टपाल तिकिटं जमवत असतील. पाकीट पाण्यात भिजवायचं, तिकीट अलगद सोडवायचं आणि पाकीट फेकून द्यायचं! लहानपणी मीही तेच करायचे. एका दुपारी आजोबांच्या ट्रंकेतली सगळी जुनी पाकिटं मी बादलीत बुडवली. आजोबा रागावले नाहीत, नुसते त्या ओल्या कागदांकडे बघत राहिले. तिकिटं मिळाली, पण पत्र कुठून आणि कधी निघालं हे सांगणारे शिक्के लगद्यात गेले.

आज सांगणार आहे त्या छंदात खरा मान या शिक्क्यालाच. आणि शिक्का कुठला? तर थेट युद्धनौकेवरच्या पोस्टाचा!

जहाजावर पोस्ट? हो तर. मोठ्या युद्धनौकेवर हजाराहून जास्त माणसं महिनोन्‌महिने राहतात. सगळ्यांना घरच्या पत्राची ओढ. अमेरिकेत १९०८ साली कायदा झाला आणि नौदलाच्या जहाजांवर टपाल कचेऱ्या सुरू झाल्या. नौदलातलाच एखादा माणूस टपाल कारकून व्हायचा. तो तिकिटं विकायचा, पत्रं लावायचा आणि जहाजाच्या नावाचा शिक्का मारायचा. गोल शिक्क्यात नाव आणि तारीख, शेजारी जाड आडव्या रेघा. रेघांच्या मधल्या जागेत कधी बंदराचं नाव, कधी एखादा खास प्रसंग असायचा.

१९३०च्या सुमारास तिथल्या लोकांना याचं वेडच लागलं. स्वतःचा पत्ता लिहून, तीन सेंटचं तिकीट लावून एक पाकीट तयार करायचं, ते दुसऱ्या पाकिटात घालून जहाजाच्या कारकुनाकडे पाठवायचं, सोबत नम्र चिठ्ठी. मग वाट बघा! जहाज कुठल्या समुद्रात असेल कोण जाणे. १९३२ साली या मंडळींनी युनिव्हर्सल शिप कॅन्सलेशन सोसायटी नावाची संस्थाही काढली.

मग अमेरिका महायुद्धात उतरली. शत्रूला ठावठिकाणा कळू नये म्हणून शिक्क्यांतून जहाजांची नावं काढली, उरलं फक्त ‘यू. एस. नेव्ही’. अशा पाकिटावर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात जहाजाचं नाव सापडलं तर संग्राहक हरखून जातात. पत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा वेगळा शिक्काही त्यावर दिसतो.

‘ॲरिझोना’ ही युद्धनौका १९१६ साली नौदलात आली. ७ डिसेंबर १९४१ ला हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरमध्ये जपानी विमानांनी ती बुडवली. तिच्यावरची ११७७ माणसं गेली. जहाज आजही तिथेच पाण्याखाली आहे. पण त्याआधी तिच्यावरून निघालेली साधी पाकिटं लोकांच्या घरी राहिली होती. तिच्या पोस्टातला शिक्का त्यांवर अजून स्पष्ट वाचता येतो. अशा पाकिटांना मागणी फार, म्हणून नकलाही होतात. आता सांगा बरं, ‘ॲरिझोना’चा शिक्का आणि तारीख १९४२ सालची, असं पाकीट कुणी विकायला आणलं तर?

सगळ्याच कथा दुःखाच्या नाहीत हं. २४ जुलै १९६९ ला चंद्रावरून परतलेले अपोलो ११ चे अंतराळवीर पॅसिफिक महासागरात उतरले. त्यांना उचलून घेतलं ‘हॉर्नेट’ या विमानवाहू नौकेनं. त्या दिवसाचा ‘हॉर्नेट’चा शिक्का असलेली पाकिटं संग्राहक मोठ्या हौसेनं जमवतात. ‘हॉर्नेट’ आता कॅलिफोर्नियात संग्रहालय झाली आहे.

आपल्या नौदलातल्या माणसाला पत्र पाठवताना पत्त्यात ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ असं लिहितात. तुमचे काका-मामा नौदलात असतील, तर घरातली जुनी पाकिटं आईबाबांना विचारून बघा. भिंगातून तारीख वाचा, वहीत टिपून ठेवा. पाकिटाला डिंक किंवा सेलोटेप लावू नका; चारही कोपरे कागदाच्या खाचांत अडकवा म्हणजे झालं. आत पत्र असेल तर तेही तिथेच राहू द्या.