आकड्यांचे खूळ आणि आमचे घर

मंडळी, प्रत्येक घरात एखादे तरी खूळ नांदत असते. कोणाला पोस्टाची तिकिटे जमवण्याचा नाद, कोणी जुना रेडिओ उघडून त्याच्या तारा पसरून बसतो, कोणी रात्री गच्चीवर चढून नक्षत्रे ओळखत उभा राहतो आणि खाली आमटी निवत असते. आमच्या घरात हे खूळ आकड्यांचे आहे, आणि ते मी आणले. मी कॉलेजात शिकवतो. तेव्हा घरच्यांना वाटायचे की, आकड्यांची हौस ह्यांची कॉलेजातच भागत असेल. तसे झाले नाही.

आजचे बोलणे कोरडे राहू नये म्हणून एक करा. जवळ पाटी असेल तर पाटी घ्या, नाहीतर वहीचा कोरा कागद. चार अंकी संख्या लिहा. चारही अंक एकच नकोत, म्हणजे ७७७७ चालणार नाही, बाकी काहीही चालेल. मी ३५२४ घेतो. आता तेच अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा: ५४३२. मग लहानाकडून मोठ्याकडे: २३४५. वजाबाकी करा. आले ३०८७. पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणखी एकदा करून पाहा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! आता ती संख्या जागची हलत नाही. तुम्ही कोणतीही संख्या घेतली असेल, फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही याच मुक्कामाला येऊन पोचाल.

ही गंमत शोधून काढली ती आपल्याच एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. जन्म १९०५ साली डहाणूचा, शिक्षण ठाण्याला आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळाली गावी शाळेत शिकवत होते. संशोधनाची पदवी नव्हती, मोठे ग्रंथालय हाताशी नव्हते. होता तो कागद, पेन्सिल आणि नाद. आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांनी त्यांचे काम पोरखेळ म्हणून बाजूला सारले. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगभरचे लोक देवळालीचे नाव घेऊ लागले. तेव्हा गुरुजी सत्तरीला आले होते. १९८६ साली ते वारले.

आता माझ्या घराकडे येतो. माझी मुलगी त्या वेळी पाचवीत होती. गणिताचा तास म्हटला की, तिच्या पोटात दुखायचे. ते खरेच दुखायचे, सोंग नव्हते. हातच्याची वजाबाकी आली की, डोळे भरायचे. मला वाटले, हिला ६१७४ दाखवावे, गोडी लागेल. एका रविवारी मी तिला बसवले आणि म्हटले, “कोणतीही संख्या घे.” तिने घेतली २१११. २१११ वजा १११२. उत्तर आले ९९९. तिने तेच अंक उलटसुलट मांडले, ९९९ वजा ९९९, आणि खाली मोठे शून्य काढले. मग म्हणाली, “बाबा, तुमचं सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर खोटं आहे.”

श्रोतेहो, शिक्षकाच्या आयुष्यात असे क्षण फार थोडे येतात. मुलाने सांगितलेली गोष्ट स्वतः पडताळून पाहिली होती आणि ती पटली नाही असे तोंडावर सांगितले होते. तिची पाठ थोपटायला हवी होती. मी काय केले? मी तिच्या हातून पेन्सिल घेतली आणि म्हटले, “चुकलं. पुढचं शून्य लिहायचं असतं, एवढंही कळत नाही का?” तिने वही मिटली. पुढे दोन महिने ती माझ्यासमोर वही उघडायला तयार होईना. घरातले वातावरणच बिघडले. सौभाग्यवती मला म्हणाल्या, “अहो, तुमचा छंद तुम्हांला लखलाभ. पण तिला त्यात ओढायचं आणि मग तिचाच पेपर तपासायचा, हा कुठला खेळ?” मला राग आला, कारण बोलणे खरे होते.

तिढा सुटला तो माझ्या आईमुळे. आईचे शिक्षण चौथीपर्यंत. पण पावकी-निमकी अजून तोंडपाठ आहे आणि वाण्याचा हिशोब ती तोंडी धरते. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने नातीला विचारले, “कसलं गं ते शून्यावरून भांडण झालं होतं?” नातीने सांगितले. आई म्हणाली, “चार पानं मांडलीस ना? मग चारच मोजायची. पंगतीत एक जण आला नाही म्हणून त्याचं पान कोणी उचलत नाही. रिकामं पान मांडलेलंच राहतं.”

झाले! मुलीने वही आणली. ९९९ च्या आधी शून्य लिहिले. ९९९० वजा ०९९९, आले ८९९१. मग ८०८२, मग ८५३२ आणि शेवटी ६१७४. पाच पायऱ्या. त्या रात्री घरातल्या सगळ्यांची जन्मसाले निघाली. माझे १९७९, सहा पायऱ्या. सौभाग्यवतींचे १९८३, त्यांना पुऱ्या सात लागल्या. मुलीचे २०१३, तीन. आणि आईचे १९५१, ती दोनच पायऱ्यांत पोचली. आई अजून शेजारणींना सांगते की, आमच्या घरात गणितात पहिला नंबर माझा.

येथे शिक्षकबंधूंसाठी दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की, या खेळात प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यात बसलीच पाहिजे. तेच अंक उलटसुलट मांडून वजा केले की, बाकीला नवाने नेहमी पूर्ण भाग जातो. ३०८७ पाहा: तीन, शून्य, आठ, सात मिळून अठरा. बेरीज जमली नाही तर समजावे की, हातचा कुठेतरी चुकला. म्हणजे मुलाला आपली चूक आपणच सापडते, गुरुजींच्या लाल पेन्सिलीची वाट पाहावी लागत नाही. माझ्या मुलीचे पोटदुखणे मुख्यतः या नवाच्या कसोटीने थांबले, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट ‘असे का होते’ याची. चार अंक उतरत्या क्रमाने मांडले की, वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर ठरते. बाहेरच्या दोन अंकांतला फरक आणि मधल्या दोन अंकांतला फरक. बाहेरच्या फरकाला ९९९ ने गुणा, मधल्या फरकाला ९० ने गुणा, बेरीज करा, की उत्तर तयार. १९५१ मध्ये बाहेरचा फरक आठ आणि मधला चार. ७९९२ अधिक ३६०, झाले ८३५२. आता बाहेरचा फरक एकपासून नऊपर्यंत असू शकतो आणि मधला कधीही त्याहून मोठा होत नाही. अशा जोड्या मोजल्या तर भरतात फक्त ५४. म्हणजे जवळजवळ दहा हजार संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत येऊन पडतात. ही ५४ उत्तरे वर्गातल्या मुलांत वाटून द्या. एका तासात सगळा वर्ग मिळून स्वतः खात्री करून घेऊ शकतो की, प्रत्येक वाट ६१७४ लाच जाते. एवढ्या मोठ्या विधानाची पूर्ण सिद्धता सहावीच्या मुलांच्या हाती येते, असे प्रसंग गणितात विरळा.

आमच्या घरातल्या वाचनाविषयीही थोडे सांगायला हवे. जेवणे झाली की, मोबाइलवर आम्ही एक अजब कोश उघडतो. त्यात शब्द नाहीत, संख्यांचे क्रम आहेत. ‘ऑनलाइन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सिक्वेन्सेस’ असे त्याचे लांबलचक नाव. नील स्लोन नावाच्या गणितज्ञाने विद्यार्थी असताना, १९६४ साली, असे क्रम टिपून ठेवायला सुरुवात केली. १९७३ साली त्याचे पुस्तक झाले, त्यात २३७२ क्रम होते. १९९६ पासून तो संग्रह इंटरनेटवर सर्वांना फुकट खुला आहे आणि आज त्यात साडेतीन लाखांहून अधिक क्रम आहेत. आपल्याला सापडलेले पाच-सहा आकडे स्वल्पविराम देऊन लिहायचे. ते पूर्वी कोणाला सापडले आहेत का, हे कोश सांगतो. भाषा इंग्रजी आहे खरी, पण आकड्यांना ती अडचण नाही.

एकदा मुलीने व तिच्या मैत्रिणीने कापरेकरांचाच दुसरा खेळ मांडला. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. २१ मध्ये तीन मिळवले की २४. म्हणजे २१ पासून २४ जन्मली. पण २० ही अशी कोणापासूनच जन्मत नाही. अशा संख्यांना कापरेकर ‘स्वयंभू’ म्हणत. मुलींनी शंभरपर्यंत तपासून तेरा स्वयंभू संख्या काढल्या: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ आणि पुढे अकरा-अकराच्या उड्या मारत ९७. कोशात घातल्या. पान उघडले, आणि वर नाव निघाले स्वयंभू किंवा ‘कोलंबियन’ संख्या! कोलंबिया देशातल्या एका गणितज्ञाने १९७० नंतरच्या दशकात हाच प्रश्न मांडला होता, त्यावरून हे नाव पडले. मुलगी चिडली. “आपल्या देवळालीचं नाव का नाही?” खाली वाचत गेलो तेव्हा कापरेकरांचे नाव सापडले, तेव्हा कुठे ती शांत झाली. आईने विचारले, “कोलंबिया कुठं आलं?” मग नकाशा निघाला. झोपायला अकरा वाजले आणि मला बोलणी बसली.

हा नाद फार झाला की घर त्रासते, हेही खरे. सौभाग्यवतींनी नियम घातला आहे की, पानावर बसल्यावर आकडे बंद. आणि मी स्वतःला एक नियम घातला आहे, तो पाळायला जास्त कठीण: विचारल्याशिवाय उत्तर सांगायचे नाही.

सध्या त्याचीच परीक्षा चालू आहे. मुलीने परवा विचारले, “बाबा, पाच अंक घेतले तर?” मी म्हटले, “करून बघ.” पाच अंकांना ६१७४ सारखा एकच मुक्काम नाही. तेथे संख्या रिंगणात फिरत राहतात. ५३९५५ वरून ५९९९४, आणि तेथून परत ५३९५५, हे दोघांचे रिंगण तिला पहिल्याच दिवशी सापडले. काल ६१९७४ पासून निघणारे चौघांचे सापडले. रिंगणे एकूण तीन आहेत. तिसरे मला ठाऊक आहे. ती वही घेऊन आजीजवळ बसली आहे आणि मी वर्तमानपत्र वाचतो आहे.