‘फंकी’ शब्दाची कुळकथा

गेल्या डिसेंबरातील गोष्ट. थंडी पडू लागली तेव्हा आमच्या वडिलांचा चौकड्यांचा लोकरी कोट आम्ही ट्रंकेतून काढला आणि अंगात चढवून आरशापुढे उभे राहिलो. सुट्टीसाठी पुण्याहून आलेली आमची पुतणी पाहताच उद्गारली, “काका, कोट एकदम फंकी आहे हं!” तिच्या मुद्रेवरून ही स्तुतीच असावी असे वाटले; परंतु नवा शब्द कानावर पडला की कोश उघडावयाचा, ही मास्तरकीची खोड जात नाही. घरातील जुन्या इंग्रजी कोशात ‘फंक’ या नामाचे दोन अर्थ दिले होते. एक, भीतीने उडालेली गाळण; दुसरा, उग्र दुर्गंध. तेव्हा ‘फंकी’ म्हणजे एक तर भेदरलेला, नाही तर कुबट वास मारणारा. कोट वर्षभर डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात होता, हे नाकारता येत नव्हते. आम्ही तो मुकाट्याने उतरवला व गच्चीवर उन्हात टाकला.

पुतणीला हे कळले तेव्हा ती पोट धरधरून हसली. मग एकाएकी गप्प होऊन म्हणाली, “वासावरून आठवलं, काका. वसतिगृहातल्या मुली म्हणतात, तुझ्या मराठीला हिंदीचा वास येतो.” निमित्त एवढेच, की ‘काय करते आहेस?’ असे न विचारता तिने कुणाला तरी ‘काय करून राहिलीस?’ असे विचारले होते. तेव्हापासून ती तेथे सर्वांशी इंग्रजीतच बोलते. होळकरांच्या काळापासून इंदुरात नांदणाऱ्या घराण्यातील मुलीने पुण्यासारख्या शहरी मराठी बोलावयास लाजावे, हे आमच्या मनाला फार लागले. त्या क्षणी तिला काही उत्तर सुचले नाही. सुचला तो ‘फंकी’ शब्दच. कारण वासाचा आळ त्याच्यावरही होता, आणि तरीही तो स्तुतीच्या आसनावर जाऊन बसला होता. तो तेथे कसा पोहोचला, याचा शोध घ्यावयाचे आम्ही ठरविले.

इंग्रजीत ‘फंक’ हा शब्द सतराव्या शतकात तंबाखूच्या कोंदट धुराविषयी वापरलेला आढळतो. पुष्कळ कोशकार त्याचा संबंध फ्रेंच बोलीच्या मार्गाने लॅटिनमधील ‘फूमुस’ म्हणजे धूर या शब्दाशी जोडतात. तसे असेल तर या परक्या शब्दाशी आपलेही दूरचे नाते निघते. कारण लॅटिन ‘फूमुस’ आणि संस्कृत ‘धूम’ ही एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत. पुढे १७८४ च्या सुमारास ‘फंकी’ हे विशेषण जुन्या, बुरसटलेल्या चीजला लावलेले सापडते. भीतीचा अर्थ निराळ्या वाटेने, ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या बोलीतून आला. त्याचे आपल्याला येथे प्रयोजन नाही.

शब्दाचे खरे भाग्य उजळले ते अमेरिकेत, आणि तेही गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या काळ्या लोकांच्या तोंडी. येल विद्यापीठातील कलेतिहासाचे प्राध्यापक रॉबर्ट फॅरिस थॉम्प्सन यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लॅश ऑफ द स्पिरिट’ या ग्रंथात याची एक आफ्रिकी व्युत्पत्ती सुचविली आहे. मध्य आफ्रिकेतील किकोंगो भाषेत ‘लु-फुकी’ म्हणजे अंगाचा उग्र दर्प. परंतु ज्याने जीव ओतून काम केले त्याच्या अंगाला दर्प यावयाचाच. म्हणून हाच शब्द त्या लोकांत माणसाच्या सचोटीच्या कष्टांचा गौरव करण्यासाठीही योजला जातो, असे ते सांगतात. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही. आम्हांस मात्र वाटते की इंग्रजी धूर आणि आफ्रिकी घाम हे दोन्ही प्रवाह अमेरिकेत एकमेकांस मिळाले असावेत. एरवी नाक मुरडावयाच्या शब्दाला शाबासकीचा अर्थ कोठून यावा?

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स शहरात बडी बोल्डन नावाचा एक कॉर्नेटवादक होता. कॉर्नेट हे तुतारीच्या कुळातील पितळी वाद्य. जॅझ संगीताच्या आद्य पुरुषांत त्याची गणना होते. हवा न खेळणाऱ्या कोंदट नाचघरात माणसांची दाटी झाली की जो वास सुटे, त्याची थट्टा करणारे त्याचे एक गाणे इतके गाजले, की जेथे तो वाजवीत असे त्या सभागृहालाच लोक ‘फंकी बट हॉल’ म्हणू लागले. या नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ कौटुंबिक मासिकात देणे आम्ही टाळतो. बोल्डनला १९०७ साली वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले आणि १९३१ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. त्याच्या वादनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. गाण्याची आठवण आणि त्यातील तो शब्द तेवढा मागे राहिला.

तरीही पुढे कितीतरी वर्षे हा शब्द चारचौघांत उच्चारण्याजोगा नव्हता. सभ्य म्हणविणाऱ्या काळ्या कुटुंबांतही मुलांना तो तोंडी आणू देत नसत. १९५० नंतरच्या दशकात मात्र काही तरुण जॅझवादकांनी तो मुद्दाम उचलला. त्या वेळी ‘कूल’ म्हणून ओळखली जाणारी शांत, संयत वादनशैली लोकप्रिय होती. तिला उत्तर म्हणून ही मंडळी आपल्या प्रार्थनामंदिरांतील भक्तिगीतांकडे व ब्लूज गाण्यांकडे वळली, आणि आपल्या वादनाला अभिमानाने ‘फंकी’ म्हणू लागली. होरेस सिल्व्हर या पियानोवादकाने १९५३ साली आपल्या एका रचनेला ‘ओपस डी फंक’ असे नाव दिले. ‘ओपस’ हा युरोपच्या अभिजात संगीतातील मोठा भारदस्त शब्द. त्याच्या शेजारी ‘फंक’ बसविणे म्हणजे सोवळे नेसलेल्याच्या पंगतीस घामाने भिजलेला सदरा घालून बसण्यासारखेच होते.

यानंतर जेम्स ब्राऊन. १९६५ च्या ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ या गाण्यापासून त्याने लयीची घडणच पालटली. तोवरच्या तशा गाण्यांत चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आघात पडे. ब्राऊनने सारा भर पहिल्या मात्रेवर आणला. त्याचे वादक तिला नुसते ‘द वन’ म्हणत. ज्यांनी गाण्याच्या बैठकीत समेवर मान डोलावली आहे त्यांना यातील गोडी निराळी समजावून सांगावयास नको. सारे वादक आपापल्या वाटेने भटकतात आणि पहिल्या मात्रेला एकत्र येतात. १९६७ च्या त्याच्या गाजलेल्या गाण्याचे नावही ‘कोल्ड स्वेट’, म्हणजे थंड घाम. हा घाम काही या शब्दाची पाठ सोडीत नाही!

ब्राऊनच्या ताफ्यातील ड्रमवादक क्लाईड स्टबलफील्ड लहानपणी कारखान्यांच्या व आगगाड्यांच्या आवाजात ताल ऐकत असे. १९६९ च्या नोव्हेंबरात मुद्रित झालेल्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यात त्याचा एकट्याच्या ड्रमचा काही सेकंदांचा तुकडा आहे. पुढे तो तुकडा कापून इतरांनी हजारांहून अधिक गाण्यांत वापरला. ज्याने तो वाजविला त्याला त्याचे मानधन मिळाले नाही, कारण रचनाकार म्हणून नाव ब्राऊनचे होते. स्टबलफील्ड २०१७ साली वारला. ‘फंकी’ हे विशेषण ज्याला खऱ्या अर्थाने शोभले, त्याच्या पदरी विशेषणाखेरीज फारसे काही पडले नाही.

शब्दांचे असे उत्थान आपल्याकडेही घडले आहे, आणि पतनही. संस्कृतात ‘मुग्ध’ आणि ‘मूढ’ ही एकाच धातूची रूपे, दोघेही मूळचे गोंधळलेले. पैकी ‘मुग्ध’ बालिकेच्या हास्यात जाऊन बसले व ‘मूढ’ मूर्खच राहिले. उलट ‘घ्राण’ म्हणजे केवळ नाक अथवा वास घेणे. त्याची मराठीत ‘घाण’ झाली. पुतणी परत निघण्यापूर्वी हे सारे आम्ही तिला सांगितले. ‘करून राहिलीस’ ही रचना हिंदीच्या शेजारात वाढली हे खरे, पण ती नागपुराकडेही सर्रास चालते आणि आमच्या आजीने ती जन्मभर वापरली, हेही सांगितले. तिने ऐकून घेतले. पटले की नाही, ते कळले नाही.

आता ‘फंकी’ वापरावा कोठे, हे सांगणे उरले. गाण्याला म्हटले तर ठेका अंगात शिरणारा. कपड्याला, चष्म्याला किंवा घरातील सजावटीला म्हटले तर रूढीबाहेरचा, तरीही डौलदार. आमच्या कोटाला तो याच अर्थाने लाभला होता. यंत्र फंकी वागते म्हणजे त्यात काहीतरी बिघडले आहे. खोलीला, पायमोज्यांना किंवा कुणी वाढलेल्या भाजीला मात्र हे विशेषण चुकूनही लावू नये, कारण तेथे जुना दुर्गंध अजून जिवंत आहे. अपवाद चीजचा. १७८४ साली ज्या वासासाठी त्याची निंदा झाली, त्याच वासासाठी आजचे रसिक त्याला ‘फंकी’ म्हणून वाखाणतात. अर्जात, निबंधात वा वडीलधाऱ्यांस लिहिलेल्या पत्रात तो नसावा, इतके शिक्षक या नात्याने आम्ही म्हणू.

कोट पुतणीने पुण्यास नेला. चार दिवस उन्हात घालूनही डांबराच्या गोळ्यांचा वास गेला नसल्याचे तिच्या काकूने बजावले होते, तरी नेला. परवा तिचा फोन आला असता, मध्येच ती खोलीतल्या मैत्रिणीकडे वळून काहीतरी मराठीत बोलली. ‘सांगते आहे’ म्हणाली की ‘सांगून राहिले’, ते आम्हांस नीट ऐकू आले नाही.