मोंते कार्लोतील चाळीस मिनिटे

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत मोंते कार्लो हे नाव फार वर्षांपासून ऐकू येत आले आहे. ज्यांनी मुंबईपलीकडचे जग पाहिले नव्हते, असे दांडिया बाजारातले म्हातारेदेखील हे नाव घेत. मात्र घेताना आवाज जरा खाली आणीत. माझ्या वडिलांच्या तोंडून ते मी दोन-चार वेळाच ऐकले असेल. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. अण्णा संस्थानच्या कलावंत कारखान्यात दिलरुबा वाजवीत. आजोबांच्या मागोमाग चौदाव्या वर्षी, म्हणजे १९४४ साली, ते दरबारी नोकरीला लागले. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि पाच वर्षांतच ते पर्व संपले. पुढचा सारा जन्म त्यांनी शाळाशाळांतून पेटीवर मुलांना गाणे शिकवण्यात घालवला. मी त्यांच्या पन्नाशीतले शेंडेफळ. त्यामुळे दरबार मला ठाऊक आहे तो रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर ऐकलेल्या गोष्टींतून.

असे हे मोंते कार्लो गेल्या फेब्रुवारीत मी डोळ्यांनी पाहिले. तेही चार तासांच्या सहलीत, वाटाड्याच्या मागून निमूट चालत.

योग असा आला. माझी एक जुनी विद्यार्थिनी नोकरीनिमित्त फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस शहराजवळ राहते. तिथल्या पाच-सात घरांतल्या मुलांना मी आठ दिवस गाणे शिकवावे आणि एक घरगुती बैठक करावी, असा तिचा दोन वर्षांचा आग्रह होता. ते सर्व यथासांग पार पडले. निघण्याच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "सर, इथवर येऊन मोंते कार्लो न पाहता परत गेलात, तर काकू मलाच बोलतील." तिकीट तिने आधीच काढून ठेवले होते. वर एक सूचना केली, "बूट मात्र काळे घाला. कॅसिनोत खेळाचे बूट चालत नाहीत." शाळेच्या स्नेहसंमेलनात घालायचे माझे एकुलते एक काळे बूट अशा रीतीने युरोपच्या सर्वांत श्रीमंत चौकात जाऊन आले.

संध्याकाळी सहाला गाडी निघाली. गाडीत आम्ही सात प्रवासी: ब्राझीलचे एक जोडपे, आयर्लंडच्या दोन प्रौढ बहिणी, नुकतेच लग्न झालेली कोरियाची दोन मुले, आणि मी. वाटाड्या तिशीतला, नीटनेटका, बोलका. त्याच्या बोलण्याचा षड्ज काळी दोनच्या जवळपास होता, आणि वाक्य संपवताना तो नेमका पंचमावर जाऊन थांबे. त्यामुळे पुढे अजून काही आहे असे ऐकणाऱ्याला सतत वाटत राही. धंद्याला हे उत्तम! माझी ही खोड वाईट आहे. माणूस काय सांगतो आहे याच्याआधी तो कोणत्या स्वरात सांगतो आहे इकडे कान जातो.

नीसपासून मोनॅको वीस किलोमीटरही नाही. समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये तीन रस्ते एकावर एक काढलेले आहेत. आम्ही मधल्याने गेलो. एझ नावाचे जुने गाव खडकाच्या टोकावर घारीच्या घरट्यासारखे बसले आहे. तिथे गाडी पाच मिनिटे थांबली. खाली समुद्र काळा पडत चालला होता. मग एका वळणावर एकदम दिव्यांचा ढीग दिसला. तेच मोनॅको. राज्य म्हणावे तर पुरते दोन चौरस किलोमीटर, म्हणजे पाचशे एकरांच्या आसपास. आपल्या लक्ष्मी विलास राजवाड्याचे मूळ आवारच सातशे एकरांचे होते असे सांगतात! जागा पुरेना म्हणून हे लोक समुद्र बुजवीत आले आहेत. असा भर घालून केलेली सहा हेक्टरांची एक नवी वस्ती २०२४ च्या डिसेंबरात खुली झाली. वाटाड्याने ती दुरूनच दाखवली.

आधी आम्हाला खडकावरच्या जुन्या गावात नेले. १२९७ साली ग्रिमाल्दी घराण्यातल्या एकाने साधूच्या वेषात येऊन हा किल्ला घेतला, आणि तेच घराणे आज तिथे नांदते आहे. राजवाड्यापुढचे पटांगण दिव्यांच्या उजेडात रिकामे होते. एक पहारेकरी आपल्या पावलांनी ठाय लयीत चकरा मारीत होता. ग्रेस केलीची कथा वाटाड्याने रंगवून सांगितली; ती वाचकांना ठाऊकच आहे. मोटारींच्या शर्यतीचा रस्ताही गाडीतून फिरवून दाखवला. १९२९ पासून ही शर्यत भर वस्तीतून धावते. कोरियाच्या मुलांनी त्या रस्त्याचे इंच न् इंच चित्रण केले.

मला मात्र त्या राज्याची जमाखर्चाची गोष्ट अधिक मोलाची वाटली. १८४८ साली मेंटन आणि रोकब्र्यून ही दोन गावे हातची गेली. राज्याचा बहुतेक मुलूख त्यांतच होता. १८६१ मध्ये चाळीस लाख फ्रँक घेऊन राजाने त्यांच्यावरचा हक्क फ्रान्सला लिहून दिला. उरला तो खडक आणि शेजारची उजाड टेकडी. त्या टेकडीवर तिसऱ्या चार्ल्सने १८६३ साली जुगारघर थाटले आणि जर्मनीत असले धंदे यशस्वी करून दाखवलेल्या फ्रांस्वा ब्लाँ नावाच्या माणसाकडे ते सोपवले. १८६६ मध्ये टेकडीला राजाचेच नाव दिले: मोंते कार्लो, चार्ल्सचा डोंगर. १८६८ मध्ये रेल्वे आली, आणि १८६९ मध्ये राजाने प्रजेचे प्रत्यक्ष करच माफ करून टाकले! त्याच राजाचा दुसरा एक नियम ऐकून मला हसू आले. मोनॅकोच्या नागरिकाला त्या जुगारघरात खेळायला बंदी आहे. ती आजही चालू आहे. घरच्या माणसाला ते विष चाखू द्यायचे नाही, इतकी समज त्या राजाला खास होती.

आठच्या सुमारास आम्ही कॅसिनोच्या चौकात उतरलो. मधे बाग, एका अंगाला हॉटेल, समोर ती सोनेरी इमारत. इमारतीपेक्षा गर्दी मोटारींभोवतीच जास्त. एकेका मोटारीची किंमत वाटाड्या सांगत होता आणि लोक तिच्यापुढे उभे राहून आपली छायाचित्रे काढून घेत होते. मालकांचा पत्ता नव्हता. हॉटेलच्या दिवाणखान्यात चौदाव्या लुईचा घोड्यावरचा पुतळा आहे. खेळायला जाणारे लोक नशीब उघडावे म्हणून त्या घोड्याच्या गुडघ्याला हात लावतात. गुडघा झिजून पितळी भांड्यासारखा लखलखीत झाला आहे.

बागेशी उभा राहून वाटाड्या म्हणाला, "या गावात एके काळी हिंदुस्थानची एक महाराणी राहत असे. तिच्याजवळ इतके मोती होते की त्यांचा एक गालिचा केलेला होता." आणि नेहमीप्रमाणे पंचमावर थांबला.

माझ्या तोंडून निघून गेले, "बडोद्याची."

सगळे माझ्याकडे वळले. मी सांगितले की मी त्याच गावचा, आणि माझे वडील महाराजांच्या पदरी होते. इंग्रजीत 'पदरी होते' याचे जे काही झाले, त्यावरून त्याने मला दिवाणांचा मुलगा ठरवले असावे. त्याची मान किंचित लवली. आयरिश बहिणींनी माझ्या बुटांकडे पाहिले, आणि श्रीमंत माणसे असलेच साधे बूट घालतात असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला. मी चूक दुरुस्त केली नाही. का केली नाही, ते आता कितीही सारवासारव केली तरी खरे कारण एकच: बरे वाटले.

सीतादेवींची हकीकत आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना पाठ आहे. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. पिठापुरमच्या राजांची ही कन्या. १९४३ साली प्रतापसिंहरावांशी विवाह झाला. महायुद्धानंतर मोनॅकोत त्यांनी घर केले. १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांना गादीवरून दूर केले. ते १९६८ साली गेले, सीतादेवी १९८९ मध्ये पॅरिसला. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास करविलेला मोत्यांचा गालिचा त्यांच्याबरोबर परदेशी गेला होता. दिल्लीच्या १९०२–०३ च्या प्रदर्शनात ज्याने लोकांचे डोळे दिपवले तोच हा. २००९ च्या मार्चमध्ये दोहा येथे त्याचा लिलाव झाला आणि सुमारे ५५ लाख डॉलर आले.

वाटाड्याने घड्याळ पाहून चाळीस मिनिटांची सुट्टी दिली. मंडळी खेळायला गेली. मी आत शिरलो ते दुसऱ्याच ओढीने. या इमारतीत डाव्या हाताला जुगाराची दालने आहेत आणि समोरच, त्याच सभामंडपातून, ऑपेराचे दार आहे. पॅरिसचे प्रसिद्ध ऑपेरागृह बांधणाऱ्या शार्ल गार्निएनेच हे नाट्यगृह बांधले. १८७९ च्या जानेवारीत ते उघडले. पाचशेहून थोड्या अधिक खुर्च्या, एवढाच त्याचा जीव. पण मास्नेचा 'दाँ किशोत' १९१० साली इथेच प्रथम झाला, शालियापिनसारखा गायक नायकाच्या भूमिकेत उभा राहिला; पुच्चिनीची एक कृती १९१७ साली, रावेलची १९२५ साली, याच रंगमंचावर पहिल्यांदा लोकांपुढे आली.

हे सारे फाशांच्या आणि चक्रीच्या पैशावर! अण्णांचा पगारही शेवटी कुठल्या तरी कुणब्याच्या शेतसाऱ्यातूनच येत होता म्हणा. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांकडून गायनशाळा सुरू करविली, १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात भरवली, फैयाजखाँसाहेबांना अखेरपर्यंत हे गाव सोडवले नाही. या सगळ्याचे पैसे खजिन्यातूनच आले. गवयाने पैशाचे मूळ शोधू नये असे म्हणतात. मी कधी कधी शोधतो.

मंडपात गोमेदासारख्या दगडाचे अठ्ठावीस खांब आहेत. त्यांच्यामध्ये उभा राहून मी त्या बंद दाराकडे पाहत होतो. डावीकडून माणसांची कुजबुज येत होती. तेवढ्यात दोन कामगार स्वरलिपी ठेवण्याच्या घोड्या घेऊन बाहेर आले, आणि दार उघडे राहिले त्या क्षणी आतून एका बाईचा आवाज आला. गाणे नव्हे. पाच स्वर वर, पाच स्वर खाली. मग अर्ध्या स्वराने वर सरकून पुन्हा तेच. पियानोवर कोणी तरी नवा षड्ज दाबून देत होते. दार लागले. आवाज गेला.

दारावरच्या माणसाला मी खुणेने विचारले. त्याने नम्रपणे मान हलवली. एवढ्यात आमचा वाटाड्या आला. फ्रेंचमध्ये दोघांचे काही बोलणे झाले. त्यात 'महाराजा' हा शब्द मला ओळखू आला. दार उघडले. दोन मिनिटे, आणि बोलायचे नाही.

आत उजेड कमी होता. लाल, सोनेरी, डोक्यावर चित्रे. रंगमंचासमोर राजाची बैठक रिकामी. त्या बैठकीसाठी राजाला बाहेरून वेगळा दरवाजा आहे. रंगमंचावर देखावा नव्हता. लोकरीचा स्वेटर घातलेली एक बाई पियानोला टेकून उभी होती, एक हात पोटावर. एका स्वराशी तिचा आवाज किंचित उतरला. तिची तीच थांबली, आणि खालून पुन्हा सुरुवात केली. अण्णा मला असेच थांबवीत. ते कधी 'चुकले' म्हणत नसत. नुसता गज उचलून धरीत. दरबारात त्यांची जागा मागच्या रांगेत असे. राजाचा चेहरा त्यांनी गायकाच्या खांद्यावरून पाहिलेला. मी मात्र दिवाणाचा मुलगा म्हणून गालिच्यावर उभा होतो.

बाहेर आल्यावर मला राहवेना. बागेपाशी वाटाड्याला गाठून सांगितले, "माझे वडील दिवाण नव्हते. वाजवणारे होते. दिलरुबा." त्याला दिलरुबा कळेना. म्हणून त्या चौकात, लाखोंच्या मोटारींशेजारी, मी डाव्या खांद्याला न दिसणारी दांडी टेकवून उजव्या हाताने गज ओढून दाखवला. दोघा-तिघांनी माझीही छायाचित्रे घेतली. तो हसला, रागावला नाही. म्हणाला, "तो गालिचा त्यांनी पाहिला होता?"

प्रत्यक्ष नव्हता पाहिला. पण लिलावाची बातमी आली तेव्हा अण्णा एकोणऐंशी वर्षांचे होते. वर्तमानपत्रातले चित्र त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिले. आत्याच्या लग्नासाठी त्यांनी आपला दिलरुबा १९५३ साली विकला होता. त्यानंतर घरात दुसरा आला नाही, आणि तो विषयही कधी निघाला नाही. त्या दिवशी भिंग खाली ठेवीत ते एवढेच म्हणाले, "माझा दिलरुबा ज्याने घेतला, तो वाजवणारा होता." आणि चहा मागितला.

हे मी वाटाड्याला जमेल तसे सांगितले. त्याने ते पुढे कोणाला सांगितले नाही, आणि परतीच्या वाटेवर ध्वनिक्षेपकही बंद ठेवला. आयरिश बहिणींपैकी धाकटीने तीस युरो जिंकले होते आणि थोरलीने चाळीस घालवले होते; त्यावरून त्यांचे नीसपर्यंत चालले होते. कोरियाची मुले एकमेकांच्या खांद्यावर झोपली होती.

विद्यार्थिनी जागी होती. दार उघडताच तिने विचारले, "सर, काय काय पाहिलेत?"

"एक बाई रियाज करीत होती."

"कॅसिनोत?"

"शेजारच्या खोलीत."

तिने माझा कोट खुंटीला लावला. मग वळून विचारले, "कुठल्या पट्टीत?"

मी म्हटले, "आत गेलो तेव्हा पांढरी चार. निघालो तेव्हा काळी एकपर्यंत चढली होती."