ऊन पाण्याचा झरा आणि नुसते गरम पाणी

आम्ही कामोठ्याला राहतो. गेल्या हिवाळ्यात गुडघेदुखीने बेजार झालेल्या आईला घेऊन मी पालीला गेलो. बल्लाळेश्वराचे दर्शन घ्यावे आणि जवळच उन्हेरे येथे जमिनीतून ऊन पाणी निघते, त्यात तिने दोन दिवस पाय शेकावेत, एवढाच हेतू.

वाटेतल्या एका निवासाच्या पाटीवर ‘खोलीतच गरम झऱ्याचे स्नान’ असे लिहिले होते. भाडे चढे, पण आईसाठी दिले. तिने पाण्यात पाय सोडले आणि म्हणाली, ‘‘अरे, हे तर आपल्या घरच्या नळाचंच पाणी!’’ पाहतो तो मागे बंब पेटलेला! व्यवस्थापक म्हणाले, ‘‘साहेब, गरम आहे ना? मग झालं!’’

आता विचार करा, गरम असले म्हणजे खरेच झाले का?

पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते. पृथ्वीच्या पोटात साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता वाढत जाते. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने वर येते. येताना खडकांतले क्षार विरघळवून आणते. कुठे कुठे त्याला गंधकाचा वास असतो. कोकणात असे झरे पालघरपासून राजापूरपर्यंत सुमारे ३५० किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे येथे पाणी ७० अंशांच्या आसपास असते. खाली ज्वालामुखी धुमसतो आहे असे मात्र समजू नका. आपला काळा कातळ ज्या लाव्हाचा झाला, तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच निवला.

बंबाच्या पाण्याला हा प्रवास घडलेला नसतो. फसवणूक तिथेच आहे.

अशी फसगत जपानातही झाली. झऱ्याचे पाणी कशाला म्हणावे, हे तिथे १९४८ च्या कायद्याने ठरले आहे. तरीही २००४ साली शिराहोने या प्रसिद्ध ठिकाणी पाणी दुधाळ दिसावे म्हणून त्यात पूड मिसळली जात असल्याचे उघडकीस आले. त्यानंतर २००५ पासून, झऱ्यात साधे पाणी मिसळले आहे का, ते तापवले आहे का, तेच पुन्हा फिरवले आहे का, हे पाटीवर लिहिणे तिथे बंधनकारक झाले.

आपणही पैसे देण्याआधी हेच तीन प्रश्न विचारावेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही उन्हेऱ्याच्या कुंडावर गेलो. आई काठावर पाय सोडून बराच वेळ बसली. ‘‘आता बरं वाटतंय रे,’’ म्हणाली. गुडघे बरे झाले असे मी म्हणणार नाही; उबेने स्नायू सैल पडतात, वेदना काही वेळ हटते, इतकेच. औषध चालूच ठेवावे. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुंडात उतरू नये, आणि कोणीही आधी हाताने पाणी अजमावावे.

शिक्षकांनी मुलांना एकदा तरी असा झरा दाखवावा. तापमापक सोबत न्यावा. झऱ्याच्या मुखाशी आणि कुंडाच्या टोकाशी पाणी मोजू द्यावे. पाटीवर विश्वास ठेवण्याआधी मोजून पाहावे, ही सवय तिथेच लागेल.