बोअर आपल्या अंगणातली, पाणी सर्वांचे

उन्हाळा लागला की कळमन्यात बोअर मारण्याच्या गोष्टी निघतात. मार्केट यार्डात पोती उचलून चार पैसे साठले, की घरची बाई म्हणते, "एकदाची बोअर मारून टाका." तिचे म्हणणे खोटे नाही, पाण्याच्या रांगेत दिवस तिचेच जातात. पण गाडी बोलावण्यापूर्वी काही गोष्टी माहीत असाव्यात, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

जागा आपली म्हणून खालचे पाणीही आपलेच, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. पाणी खडकाच्या भेगांतून वाहते. आपण खोल उपसले, तर शेजारची विहीर आटू शकते. म्हणून महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ हा कायदा २०१४ पासून लागू झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर वा बोअर घेता येत नाही. बोअर मारणारी गाडीही नोंदणीकृत हवी. घरगुती वापरासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा दाखला २०२० च्या नियमांनुसार लागत नाही. पण त्यामुळे राज्याचा कायदा सुटत नाही. आधी महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे लेखी विचारावे. अर्जाची पोच जपून ठेवावी.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुलांच्या जिवासाठी नियम घालून दिले. काम सुरू करण्याच्या १५ दिवस आधी लेखी कळवावे. कामाच्या जागी मालकाचे व गाडीवाल्याचे नाव-पत्ता असलेला फलक आणि भोवती कुंपण असावे. केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधून तोंडावर घट्ट झाकण बसवावे. मोटर दुरुस्तीला काढली तरी तोंड उघडे ठेवू नये. पाणी लागले नाही, तर बोअर तळापासून वरपर्यंत माती-दगडांनी भरून टाकावी. २००६ साली हरियाणात पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला. लष्कराने त्याला सुमारे ५० तासांनी जिवंत काढले. प्रत्येक लेकराचे नशीब असे नसते.

आणखी एक. संडासाचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट दूर हवा, असे भारतीय मानक सांगते. आपल्या लहान प्लॉटवर हे कसे जमणार? म्हणून बोअरचे पाणी धुण्या-भांड्याला वापरावे. प्यायला नळाचेच घ्यावे. तपासणी केल्याशिवाय बोअरचे पाणी लेकरांना देऊ नये.

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडले. सिद्धार्थाने त्या युद्धाला विरोध केला आणि घर सोडले, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितले आहे. महाडला १९२७ साली आपण पाण्यावरचा हक्क मागितला, तो सर्वांसाठी. मग आपल्या मोटरीने शेजारणीची घागर रिकामी राहू नये. चार घरांनी मिळून एकच बोअर घेतली, तर खर्च वाटला जाईल आणि पाणीही टिकेल. वस्तीच्या विहारात एकदा बसून हे ठरवावे, एवढीच आमची विनंती.

जय भीम!