स्मॉलटॉकचे अध्ययन

स्मॉलटॉकचे अध्ययन या लेखात फोरट्रान, कोबॉल, पास्कल, सी यांसारख्या प्रोसिजरल भाषांत मुरलेले प्रोग्रॅमर स्मॉलटॉक ही ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा कशी शिकतात, याचा विचार केला आहे. स्मॉलटॉकचे व्याकरण अतिशय लहान असून ते एका पोस्टकार्डावर मावते, असे म्हटले जाते. तरीही अनुभवी प्रोग्रॅमरांना ही भाषा अवघड वाटत आली आहे. ही अडचण व्याकरणाची नसून प्रोग्रॅमची मांडणी करण्याच्या जुन्या सवयींची आहे. मराठीत ऑब्जेक्ट ओरिएंटेडसाठी ‘वस्तुनिष्ठ’ हा प्रतिशब्द वापरला जातो. मात्र त्या शब्दाचा ‘पक्षपातरहित’ हा अर्थ अधिक रूढ असल्याने तो काहीसा दिशाभूल करणारा आहे.

पार्श्वभूमी

ऑब्जेक्ट आणि क्लास या संकल्पना प्रथम सिम्युला ६७ या भाषेत आल्या. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी ती ओस्लो येथील नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये तयार केली. स्मॉलटॉकची निर्मिती १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगॉल्स, अडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. स्मॉलटॉक-७२ आणि स्मॉलटॉक-७६ या आवृत्त्यांनंतर स्मॉलटॉक-८० ही आवृत्ती केंद्राबाहेर पोहोचली. ऑगस्ट १९८१ चा ‘बाइट’ मासिकाचा अंक या भाषेला वाहिलेला होता, तर गोल्डबर्ग आणि डेव्हिड रॉब्सन यांचा प्रमाणग्रंथ १९८३ मध्ये प्रकाशित झाला.

स्मॉलटॉकच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत शाळकरी मुले होती. त्यानंतर केंद्रातील प्रोग्रॅमर नसलेल्या प्रौढांनाही ती शिकवण्यात आली. के यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या इतिहासानुसार, या प्रौढांनी आरंभीचा भाग मुलांपेक्षा लवकर आत्मसात केला. परंतु पत्त्यांच्या नोंदी ठेवणारा एक साधा प्रोग्रॅम रचण्यास सांगितल्यावर ते अडले. तज्ज्ञाला सोप्या वाटणाऱ्या त्या प्रोग्रॅममध्ये सहज न सुचणाऱ्या १७ कल्पना दडलेल्या आहेत, असे के यांना तो तपासताना आढळले. भाषा येणे आणि रचना सुचणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे यावरून दिसले. अनुभवी प्रोग्रॅमरला रचना सुचते, पण ती दुसऱ्याच पद्धतीची असते.

व्याकरण आणि पहिले अडथळे

स्मॉलटॉकमध्ये प्रत्येक मूल्य ऑब्जेक्ट असते आणि प्रत्येक क्रिया ही कोणत्या तरी ऑब्जेक्टला पाठवलेला संदेश असते. बेरीजही याला अपवाद नाही. ‘२ + ३’ याचा अर्थ ‘३ ही संख्या सोबत देऊन २ ला अधिक हा संदेश पाठवणे’ असा होतो. त्यामुळे गणिती चिन्हांना परस्परांत अग्रक्रम नसतो. संदेश डावीकडून उजवीकडे पोहोचतात आणि ‘२ + ३ * ४’ चे उत्तर १४ न येता २० येते. सी भाषेतून आलेल्या व्यक्तीला ही भाषेतील चूक वाटते. ॲरेची मोजणी शून्याऐवजी १ पासून होणे हा आणखी एक किरकोळ धक्का आहे. उलट १ भागिले ३ केल्यावर दशांशाऐवजी अचूक अपूर्णांक मिळतो आणि मोठ्या पूर्णांकांना यंत्राच्या शब्दलांबीची मर्यादा नसते, याचे नवागताला सुखद आश्चर्य वाटते.

अटी आणि पुनरावृत्ती यांसाठी या भाषेत वेगळी वाक्यरचना नाही. खरे आणि खोटे हे दोन ऑब्जेक्ट आहेत. ‘खरे असल्यास हे कर’ हा संदेश मिळाल्यावर खरे हा ऑब्जेक्ट सोबत आलेला आज्ञांचा गट चालवतो आणि खोटे हा ऑब्जेक्ट तो चालवत नाही. प्रत्यक्षात वेगासाठी बहुतेक कंपायलर हा संदेश परस्पर हाताळतात. परंतु शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही रचना महत्त्वाची आहे. निर्णय घेण्यासाठी बाहेरून तपासणी करण्याची गरज नाही, योग्य ऑब्जेक्टला विचारले की तो आपल्या स्वभावानुसार वागतो, हे भाषेचे मुख्य सूत्र येथे सर्वांत लहान रूपात दिसते.

नियंत्रणाचा प्रश्न

प्रोसिजरल प्रोग्रॅम वाचताना मुख्य प्रोसीजरपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने खाली उतरता येते. प्रोग्रॅमचा संपूर्ण प्रवाह लेखकाच्या डोळ्यांसमोर असतो आणि तो तसा असणे हेच कौशल्याचे लक्षण मानले जाते. स्मॉलटॉकमध्ये मुख्य प्रोसीजरच नसते. मेथड बहुधा काही ओळींच्याच असतात. एक मेथड उघडावी तर ती दुसऱ्या ऑब्जेक्टला संदेश पाठवून मोकळी होते, ती दुसरी मेथड तिसऱ्याला. प्रत्यक्ष काम होते तरी कोठे, ही तक्रार या भाषेइतकीच जुनी आहे.

केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ च्या ऊप्सला परिषदेतील निबंधात नेमका हाच मुद्दा मांडला. संपूर्ण नियंत्रणाचे ज्ञान सोडून देण्यास आणि प्रत्येक ऑब्जेक्टच्या मर्यादित, स्थानिक ज्ञानावर विसंबण्यास विद्यार्थ्याला तयार करणे, हा त्यांच्या मते अध्यापनातील सर्वांत कठीण भाग होता. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय संगणकाविनाच करायचा होता. ४ × ६ इंचांच्या साध्या कार्डांवर क्लासचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि त्याचे सहकारी लिहायचे. मग कार्डे हातात धरून एखादा प्रसंग अभिनीत केल्याप्रमाणे पुढे न्यायचा. या तीन घटकांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या कार्डांना सीआरसी कार्डे हे नाव पडले. कार्ड लहान ठेवण्यामागे हेतू होता. जबाबदाऱ्या एका कार्डावर मावेनाशा झाल्या, तर तो क्लास फार मोठा झाला आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. कनिंगहॅम यांनीच पुढे १९९५ मध्ये पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले.

एक उदाहरण

एसटीच्या तिकिटाचे भाडे काढण्याचा प्रोग्रॅम घेतल्यास दोन्ही पद्धतींतील फरक स्पष्ट होतो. प्रोसिजरल सवयीनुसार एकच मोठी प्रोसीजर लिहिली जाते आणि तीत प्रवासी बालक आहे का, ज्येष्ठ आहे का, अशा अटींची रांग असते. हीच रांग तिकीट छापताना आणि दिवसाचा हिशेब करताना पुन्हा अवतरते. महाराष्ट्रात २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि २०२३ मध्ये महिलांना निम्मे भाडे लागू झाले. असे बदल होताना या प्रोग्रॅममध्ये अटीची प्रत्येक जागा शोधावी लागते आणि एक जरी सुटली तरी हिशेब चुकतो.

क्लास आणि इनहेरिटन्स नुकतेच शिकलेला प्रोग्रॅमर बहुधा दुसऱ्या टोकाला जातो. तो प्रवासी हा क्लास करून त्याखाली महिला प्रवासी, ज्येष्ठ प्रवासी, बाल प्रवासी असे उपक्लास उभारतो. मग ७६ वर्षांची महिला कोणत्या क्लासमध्ये घालावी, हा प्रश्न उभा राहतो. शिवाय एखाद्या प्रवाशाला ७५ वर्षे पूर्ण होताच त्याचा क्लासच बदलावा लागतो. येथे वारसा चुकीच्या ठिकाणी वापरला गेला आहे. भाड्यातील फरक हा प्रवाशाचा प्रकार नसून सवलतीचा गुण आहे. म्हणून प्रत्येक सवलत हाच स्वतंत्र ऑब्जेक्ट करावा. तिकीट प्रवाशाला लागू असलेल्या सर्व सवलतींना ‘भाडे सांग’ हा एकच संदेश पाठवते आणि आलेल्या उत्तरांपैकी सर्वांत कमी रक्कम घेते. नवी सवलत आली की एक नवा क्लास लिहायचा. तिकिटाच्या मेथडला हात लावावा लागत नाही.

ही दुसरी चूक पहिलीपेक्षा अधिक फसवी असते. तिच्यात क्लास असतात, वारसा असतो, वरवर पाहता सारे काही ऑब्जेक्ट ओरिएंटेड दिसते. फोरट्रानचा प्रोग्रॅम कोणत्याही भाषेत लिहिता येतो, या प्रोग्रॅमरांमधील जुन्या विनोदाचा रोख अशाच रचनांकडे आहे. ऑब्जेक्टमधील माहिती मागून घेऊन बाहेर निर्णय घेणे, केवळ नोंदी साठवणारे क्लास आणि सारे काम करणारा एकच अवाढव्य ‘व्यवस्थापक’ क्लास ही त्याची नेहमीची लक्षणे होत.

परिसर आणि साधने

अनुभवी व्यक्तीला भाषेइतकाच परका वाटतो तो तिचा परिसर. पारंपरिक स्मॉलटॉकमध्ये प्रोग्रॅम स्वतंत्र फाइलींत विखुरलेला नसतो. सर्व क्लास, मेथड आणि चालू ऑब्जेक्ट एका प्रतिमेत साठवलेले असतात, आणि प्रतिमा पुन्हा उघडली की काम जेथे थांबले होते तेथूनच पुढे सुरू होते. वर्षानुवर्षे हाताळलेला एडिटर आणि शोधाच्या आज्ञा यांचा येथे फारसा उपयोग होत नाही. त्यांच्या जागी क्लास ब्राउझर येतो. एखादा संदेश कोण पाठवते आणि कोणकोणते क्लास त्याला उत्तर देतात, हे त्यातून लगेच कळते. चूक झाल्यास डीबगर उघडतो. त्यातच नसलेली मेथड लिहून प्रोग्रॅम थांबल्या जागेवरून पुढे नेता येतो. प्रोग्रॅम कागदावर वाचण्याऐवजी चालता ठेवून वाचण्याची ही रीत अंगवळणी पडली की प्रवाह न दिसण्याची तक्रार बरीच कमी होते. स्वयंचलित पुनर्रचनेचे आद्य साधन असलेला रिफॅक्टरिंग ब्राउझरही जॉन ब्रँट आणि डॉन रॉबर्ट्स यांनी इलिनॉय विद्यापीठात स्मॉलटॉकसाठीच बनवला.

उद्योगातील वापर

१९९० च्या दशकात बँका, विमा आणि कारखानदारीतील काही संस्थांनी कोबॉलमधील जुन्या प्रणालींना पर्याय म्हणून स्मॉलटॉक निवडली. आयबीएमने व्हिज्युअलएज हे साधन बाजारात आणले. क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रक प्रकल्पात बेक १९९६ मध्ये सहभागी झाले आणि आधी चाचणी लिहिणे, जोडीने प्रोग्रॅमिंग करणे या रीतींचा समावेश असलेली एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही कार्यपद्धती तेथे आकाराला आली. प्रकल्पातून १९९७ मध्ये काही कर्मचाऱ्यांचे पगार होऊ लागले, परंतु २००० मध्ये तो बंद करण्यात आला. दरम्यान १९९५ मध्ये जावा आली. सीसारखे दिसणारे व्याकरण आणि फाइलींवर आधारित रचना यांमुळे जुन्या प्रोग्रॅमरांना ती जवळची वाटली. मात्र हीच जवळीक अध्ययनाच्या दृष्टीने अडचणीचीही ठरते, कारण जावामध्ये जुन्या सवयी न मोडताही काम निभावते.

स्मॉलटॉकचा प्रभाव ऑब्जेक्टिव्ह-सी आणि रुबी या भाषांवर ठळकपणे दिसतो. रुबीतील संग्रह हाताळणाऱ्या अनेक मेथडची नावे थेट स्मॉलटॉकमधून आली आहेत. १९९६ मध्ये ॲपल कंपनीत सुरू झालेली स्क्वीक आणि तिच्यापासून २००८ मध्ये वेगळी झालेली फारो या दोन मुक्तस्रोत आवृत्त्या आज अध्ययनासाठी विनामूल्य उपलब्ध आहेत. फ्रान्समधील इन्रिया ही संशोधन संस्था फारोच्या विकासात सहभागी असून फारोवर आधारित ऑनलाइन अभ्यासक्रमही उपलब्ध आहे. फारोमध्ये गिटशी जोडणी असल्याने प्रतिमेतील क्लास आता फाइलींच्या रूपातही साठवता येतात.